नदीविना वसलेली नगरे : युकातानचे सेनोते आणि माया संस्कृतीचे अवशेष

मेक्सिकोच्या आग्नेयेस, मेक्सिकोचे आखात आणि कॅरिबियन समुद्र यांच्यामध्ये उत्तरेकडे पुढे आलेला सपाट भूभाग म्हणजे युकातान द्वीपकल्प. त्याच्या उत्तर भागाचा नकाशा पाहिला असता त्यावर नदीची एकही रेघ आढळत नाही. पाऊस पडतो, रान आहे, गावे आणि शहरे आहेत, हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या दगडी नगरांचे अवशेषही आहेत. मात्र नदी-नाले नाहीत. पडलेले पाणी चुनखडीच्या सच्छिद्र खडकातून थेट खाली उतरते आणि भूगर्भातील गुहांमधून समुद्राकडे वाहू लागते. या गुहांचे छत जेथे कोसळते, तेथे विवर तयार होऊन तळाशी ते पाणी उघडे पडते. अशा नैसर्गिक विवराला ‘सेनोते’ म्हणतात. हा स्पॅनिश शब्द युकातेक माया भाषेतील ‘त्सोनोत’ या शब्दावरून आला आहे.

पर्यटन कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत सकाळी प्राचीन अवशेषांचे दर्शन आणि दुपारी सेनोतेत जलविहार, असा क्रम ठरलेला असतो. त्यामुळे एक इतिहास आणि दुसरी करमणूक, अशी विभागणी सहज मनात बसते. प्रत्यक्षात येथील अनेक नगरे या पाण्याच्या आधारानेच उभी राहिली, त्यांच्या देवतांचा वास या पाण्यात मानला गेला, आणि आजही या प्रदेशातील माया गावांना व शहरांना पिण्याचे पाणी मिळते ते याच भूगर्भातील साठ्यातून. सेनोतेत पोहण्यासाठी उतरणारा पर्यटक एका परीने गावाच्या विहिरीतच उतरत असतो. ही गोष्ट ध्यानात घेतली, तर अवशेषांचा अर्थही उलगडतो आणि सेनोतेंपुढील आजच्या संकटाचे गांभीर्यही कळते.

विवर कसे घडते

पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते. चुनखडी अशा पाण्यात हळूहळू विरघळते. लक्षावधी वर्षे चाललेल्या या झिजेतून युकातानच्या पोटात गुहांचे आणि भुयारांचे जाळे तयार झाले. हिमयुगात पृथ्वीवरील पुष्कळ पाणी बर्फाच्या रूपात गोठलेले असल्याने समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १०० मीटरहून अधिक खाली होती. त्या काळात यातील अनेक गुहा कोरड्या होत्या. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातील चुन्याचे थर साचून तेथे वरून लोंबणारे आणि खालून वाढणारे लवणस्तंभ तयार झाले. हिमयुग सरल्यावर समुद्र वर चढला, त्याबरोबर भूजलाची पातळीही वाढली आणि गुहा पाण्याखाली गेल्या. आज पाण्यात बुडालेले स्तंभ दिसतात, त्याचे कारण हे. असे स्तंभ पाण्याखाली तयार होऊच शकत नाहीत.

सेनोते सर्वत्र एकसारखे नसतात. काहींचे छत अद्याप शाबूत असून जमिनीतील एखाद्या लहानशा भोकातून आत उतरावे लागते. काहींचे छत अर्धे ढासळलेले असते आणि उरलेल्या भागातून झाडांची मुळे दोरखंडांसारखी पाण्यापर्यंत लोंबत असतात. काही पूर्ण उघडे असून त्यांचे काठ विहिरीसारखे उभे कापलेले असतात, तर काही वयाने जुने असल्याने काठ ढासळून उथळ तळ्यासारखे दिसतात.

या पाण्याची रचनाही वेगळी आहे. पावसाचे गोडे पाणी हलके असल्याने वर राहते आणि समुद्रातून आत शिरलेले खारे पाणी त्याच्याखाली असते. दोहोंच्या सीमेवर प्रकाश वक्र होऊन दृश्य थरथरते. पाणबुड्यांना तेथे पाण्याच्या आत दुसरा पाण्याचा पृष्ठभाग असल्याचा भास होतो. वाहून येणारा गाळ नसल्याने अनेक सेनोतेंचे पाणी अतिशय नितळ असते. गुहांच्या अंधारात जन्म काढणारे, डोळे नसलेले फिकट पांढरे मासेही या पाण्यात आढळतात. सेनोतेच्या कड्यांतील कपारींत घरटे करणारा ‘तोह’ हा निळसर पक्षी दिसला की जवळपास पाणी असले पाहिजे, असा येथील लोकांचा जुना ठोकताळा आहे.

अशनीचा आघात आणि दख्खनचा लाव्हा

द्वीपकल्पाच्या वायव्य भागात सेनोतेंची एक लांबच लांब कमानदार रांग आहे. तिचा उगम सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या एका घटनेशी निगडित आहे. त्या वेळी येथे एक प्रचंड अशनी आदळला आणि सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे विवर निर्माण झाले. आज हे विवर अर्धे समुद्राखाली आणि अर्धे जमिनीखाली गाडलेले असून त्यावर नंतरच्या काळात चुनखडीचे जाड थर साचले आहेत. जमिनीवर उभे राहून ते दिसत नाही. मात्र गाडलेल्या विवराच्या कडेवरील खडक खचत आणि भेगाळत गेला, त्या भेगांतून भूजल वाहू लागले आणि त्या वर्तुळाच्या रेषेवरच सेनोतेंची माळ तयार झाली. जवळच्या गावावरून या विवराला चिक्शुलुब हे नाव मिळाले.

विवराचा शोध खनिज तेलाच्या निमित्ताने लागला. मेक्सिकोच्या राष्ट्रीय तेल कंपनीसाठी काम करणारे भूभौतिकशास्त्रज्ञ अंतोनिओ कामार्गो आणि ग्लेन पेनफिल्ड यांना १९७० च्या दशकाच्या अखेरीस चुंबकीय व गुरुत्वीय मोजणीत मोठी वर्तुळाकार रचना आढळली. १९८० मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, डायनोसॉर नष्ट झाले त्या काळातील मातीच्या थरात इरिडियम या धातूचे प्रमाण असाधारण असल्याचे दाखवून अशनीपाताचा सिद्धान्त मांडला. पुढे १९९१ मध्ये या दोन गोष्टींचा सांधा जुळला.

याच कालखंडात पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरत होते. सह्याद्रीचे काळे कडे त्याच लाव्हाचे बनलेले आहेत. डायनोसॉरांच्या विनाशात युकातानच्या आघाताचा वाटा किती आणि दख्खनच्या ज्वालामुखींचा किती, यावर भूशास्त्रज्ञांमध्ये दीर्घकाळ वाद चालू आहे. बहुसंख्य अभ्यासकांचा कौल अशनीकडे असला, तरी या चर्चेत सह्याद्री आणि युकातान यांची नावे नेहमीच एकत्र येतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवरही अशनीच्या आघातानेच झाले. मात्र ते फार नंतरचे, बेसाल्ट खडकातले आणि जेमतेम १.८ किलोमीटर व्यासाचे आहे.

पाण्याने ठरवलेली नगररचना

नद्या नसलेल्या प्रदेशात नगर कोठे वसावे, हे सेनोतेने ठरवले. मेरिदा शहराच्या उत्तरेस असलेल्या त्सिबिल्चाल्तुन या प्राचीन नगराच्या मध्यभागी श्लाकाह नावाचा सेनोते आहे. तो ४० मीटरहून खोल असून, १९५० च्या दशकात पाणबुड्यांनी त्यातून मातीची भांडी, हाडे आणि कोरीव वस्तू वर काढल्या. पूर्वी तेथे अवशेष पाहून झाल्यावर पोहता येत असे; मात्र हा परिसर पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली असल्याने त्या त्या वेळचे नियम पाळावे लागतात. चिचेन इत्साच्या ऱ्हासानंतर प्रबळ झालेल्या मायापान या तटबंदीच्या नगरातही वस्तीच्या आत अनेक सेनोते होते.

जेथे सेनोते नव्हते, तेथे काय झाले, हे उश्माल सांगते. पूक टेकड्यांच्या प्रदेशातील या नगराखाली भूजल फार खोल आहे. तेथील लोकांनी जमिनीत बाटलीच्या आकाराची टाकी खोदली, आतून चुन्याचा गिलावा केला आणि अंगणातील पावसाचे पाणी त्यांत वळवले. या टाक्यांना ‘चुल्तुन’ म्हणतात. पाण्याची सारी मदार पावसावर असल्याने या भागातील इमारतींवर लांब, वळलेल्या नाकाच्या मुखवट्यांच्या ओळीच्या ओळी कोरलेल्या आहेत. ते पर्जन्यदेव चाआक याचे मुखवटे असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. उश्मालजवळच्या काबाह येथील एका इमारतीच्या दर्शनी भिंतीवर असे सुमारे २५० मुखवटे आहेत.

पूर्वेकडील कोबा नगराभोवती सरोवरे आहेत. तेथील नोहोच मुल हा पिरॅमिड सुमारे ४२ मीटर उंच असून, या नगरापासून पश्चिमेकडे याशुना या नगरापर्यंत सुमारे १०० किलोमीटर लांबीचा चुनखडीचा उंचावलेला रस्ता बांधलेला होता. माया भाषेत अशा रस्त्याला ‘साकबे’, म्हणजे पांढरी वाट म्हणतात. किनाऱ्यावरील तुलुम हे उत्तरकालीन, तटबंदीचे व्यापारी बंदर कॅरिबियन समुद्राच्या काठावरील कड्यावर उभे आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश जहाजे या किनाऱ्यावर आली तेव्हा तेथे वस्ती नांदत होती.

नवव्या शतकाच्या सुमारास दक्षिणेकडील सखल प्रदेशातली थोर माया नगरे एकामागून एक ओस पडली. तळ्यांतील गाळ आणि गुहांतील लवणस्तंभ यांच्या अभ्यासावरून त्या काळात दुष्काळाची मोठी आवर्तने येऊन गेल्याचे दिसते. युद्धे, वाढलेली लोकसंख्या आणि सत्तासंघर्ष हीही कारणे होतीच. मात्र त्याच सुमारास उत्तरेत चिचेन इत्सा भरभराटीस आले. तेथे भूजल हाताशी होते, ही बाब या संदर्भात दुर्लक्षिण्याजोगी नाही.

चिचेन इत्सा : विहिरीच्या मुखाशी

या नगराच्या नावाचाच अर्थ ‘इत्सा लोकांच्या विहिरीच्या मुखाशी’ असा आहे. येथील सर्वांत प्रसिद्ध वास्तू म्हणजे ‘एल कास्तियो’ हा सुमारे ३० मीटर उंचीचा पिरॅमिड. चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि माथ्यावरील एक पायरी मिळून ३६५ ही वर्षाच्या दिवसांची संख्या होते. विषुवदिनांच्या सुमारास दुपारी उत्तरेकडील जिन्याच्या कठड्यावर उन्ह-सावलीचे त्रिकोण पडतात आणि तळाशी कोरलेल्या सर्पमुखाकडे सळसळत उतरणाऱ्या नागाचा भास होतो. २०१५ मध्ये मेक्सिकोच्या संशोधकांनी विद्युतरोध मोजण्याच्या तंत्राने या पिरॅमिडखाली पाण्याने भरलेली पोकळी असल्याचे जाहीर केले. नगराचा मध्यबिंदूच एका दडलेल्या सेनोतेवर उभा असल्याचे त्यावरून दिसते.

पिरॅमिडच्या उत्तरेकडून एक साकबे पवित्र सेनोतेकडे जातो. सुमारे ६० मीटर व्यासाच्या या विवराचे काठ उभे तुटलेले आहेत आणि हिरवट पाणी काठापासून वीस-बावीस मीटर खाली आहे. नगराच्या रोजच्या वापराचे पाणी श्तोलोक नावाच्या दुसऱ्या सेनोतेतून घेतले जाई. हा सेनोते पूजेसाठी राखलेला होता. दूरदूरचे यात्रेकरू येथे येऊन पर्जन्यदेवाला जिनसा अर्पण करीत. त्यात माणसांचाही समावेश होता.

अमेरिकेचा वाणिज्य प्रतिनिधी एडवर्ड थॉम्पसन याने १८९४ मध्ये ही जमीन असलेली जहागीर विकत घेतली आणि १९०४ पासून यंत्राने सेनोतेचा गाळ उपसला. त्यातून हिरवे जेड, सोन्याच्या तबकड्या, तांब्याच्या घंटा, कोपाल या धुपाचे गोळे, लाकडी शस्त्रे आणि मानवी हाडे बाहेर आली. यातील सोने मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेले होते. यावरून या तीर्थाची ख्याती किती दूरवर पोहोचली होती याची कल्पना येते. बऱ्याच वस्तू हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात गेल्या. काही पुढे मेक्सिकोला परत करण्यात आल्या. सेनोतेच्या तळाशी निळ्या गाळाचा जाड थरही सापडला. अर्पणाच्या वस्तूंना फासलेल्या ‘माया निळ्या’ रंगाचा तो अवशेष होता. नीळ आणि एक विशिष्ट माती यांच्या मिश्रणातून तयार होणारा हा रंग शतकानुशतके विटत नाही.

या सेनोतेत केवळ सुंदर कुमारिकांना बळी दिले जाई, ही कथा पर्यटकांना अजूनही सांगितली जाते. हाडांच्या तपासणीत ती टिकत नाही. त्यात पुरुष, स्त्रिया आणि मोठ्या संख्येने लहान मुले आहेत. पवित्र सेनोतेजवळच्या एका भूमिगत टाकीत १९६७ मध्ये मुलांच्या अस्थी सापडल्या होत्या. त्यातील ६४ मुलांच्या जनुकीय तपासणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ती सर्व मुलगे होती, अनेक एकमेकांची नातलग होती आणि त्यात एकरूप जुळ्यांच्या दोन जोड्या होत्या. त्यांचे जनुकीय नाते या भागातील आजच्या माया लोकांशी जुळते, हेही त्याच अभ्यासातून पुढे आले. माया संस्कृती ‘लुप्त’ झाली, हा समज त्यामुळे आणखी एकदा खोटा ठरला.

बळींच्या प्रथेची लेखी माहिती प्रामुख्याने दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूकडून मिळते. याच लांदाने जुलै १५६२ मध्ये मानी या गावी माया ग्रंथांची आणि मूर्तींची होळी केली. आज माया लिपीतील अवघ्या चार पोथ्या उरल्या आहेत. सोळाव्या शतकातील मंदिरविध्वंसाचा इतिहास ठाऊक असलेल्या गोमंतकीय वाचकाला हे प्रकरण परके वाटणार नाही. मात्र लांदानेच लिहून ठेवलेल्या माया अक्षरांच्या सदोष यादीचा उपयोग करून १९५२ मध्ये रशियन अभ्यासक युरी क्नोरोझोव्ह यांनी लिपीच्या उलगड्याची दिशा दाखवली, हाही इतिहासाचा भाग आहे.

पाण्याखालचा इतिहास

तुलुमच्या परिसरात सेनोतेंना जोडणारी पाण्याखालची भुयारे शेकडो किलोमीटर लांब आहेत. साक आक्तुन आणि दोस ओहोस ही दोन गुहाजाळी एकमेकांना जोडलेली असल्याचे २०१८ मध्ये सिद्ध झाले, तेव्हा त्यांची एकत्रित लांबी सुमारे ३४७ किलोमीटर भरली. याच जाळ्यातील ओयो नेग्रो, म्हणजे ‘काळे विवर’, या खड्ड्यात २००७ मध्ये पाणबुड्यांना एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा आढळला. तिला ‘नाइया’ हे नाव देण्यात आले. बारा-तेरा हजार वर्षांपूर्वी, गुहा कोरड्या असताना, ती अंधारात या खड्ड्यात पडली असावी. तिच्याजवळ हत्तीच्या कुळातील नामशेष प्राणी, महाकाय स्लॉथ आणि सुळेवाला वाघ यांचीही हाडे मिळाली. अमेरिका खंडातील सर्वांत जुन्या मानवी सांगाड्यांमध्ये नाइयाची गणना होते.

कोठे पोहता येते

चिचेन इत्साच्या पवित्र सेनोतेत उतरण्यास मनाई आहे आणि पिरॅमिडवर चढण्यासही आता बंदी आहे. तेथून सुमारे तीन किलोमीटरवरील इक किल हा पोहण्यासाठी सर्वाधिक लोकप्रिय सेनोते आहे. त्याचे पाणी जमिनीपासून सुमारे २६ मीटर खाली असून दगडात कोरलेल्या जिन्याने खाली उतरता येते. वायादोलिद या वसाहतकालीन शहरात भर वस्तीत साकी हा सेनोते आहे. एक बालाम या प्राचीन नगराजवळ श्कान्चे, तर तुलुमजवळ ग्रान सेनोते आणि दोस ओहोस आहेत. मेरिदाच्या आग्नेयेस कुसामा आणि ओमुन या गावांच्या परिसरात अनेक सेनोते आहेत. कुसामाकडे घायपाताच्या मळ्यांसाठी टाकलेल्या अरुंद रुळांवरून घोड्याने ओढलेल्या गाड्यांतून सेनोतेपर्यंत जाण्याची पद्धत रूढ झाली.

पाण्याचे तापमान वर्षभर २४-२५ अंशांच्या आसपास राहते. बहुतेक सेनोते काठापासूनच खोल असतात, उथळ उतार नसतो. त्यामुळे पोहता येणाऱ्यांनीही तरंगण्याचे जाकीट घालणे इष्ट असते. पाण्यात उतरण्यापूर्वी अंग धुण्याची अट असते, कारण उन्हापासून बचावाची मलमे, कीटकनाशक द्रव्ये आणि अत्तरे या स्थिर पाण्यात साचून राहतात. गुहेत बुडी मारणे ही पोहण्याहून सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. डोक्यावर खडकाचे छत असल्याने संकटात सरळ वर येता येत नाही. म्हणून अखंड मार्गदर्शक दोरी, एकाहून अधिक दिवे आणि हवेचा एक तृतीयांश साठा जाण्यासाठी, एक तृतीयांश परतीसाठी व उरलेला अडचणीसाठी, हा नियम पाणबुडे पाळतात. खास प्रशिक्षण नसलेल्यांनी पुढे जाऊ नये, असे फलक अनेक गुहांच्या तोंडाशी लावलेले असतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा तुलनेने कोरडा काळ प्रवासास सोयीचा असतो. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम आहे.

पाणी कोणाचे

चुनखडी पाण्याला जशी वाट देते, तशीच घाणीलाही देते. माती पातळ आणि खडक सच्छिद्र असल्याने जमिनीवर सांडलेले दूषित द्रव्य फारसे गाळले न जाता भूजलात पोहोचते आणि भुयारांतून दूरवर पसरते. एका ठिकाणची चूक दुसऱ्या गावच्या विहिरीत उमटते. शौचकूपांचे झिरपणारे पाणी, शेतीतील रसायने, मोठी वराहपालन केंद्रे आणि किनाऱ्यावर झपाट्याने वाढलेली हॉटेले यांचा भार या एकाच साठ्यावर पडतो आहे.

सेनोतेंवर उपजीविका असलेल्या ओमुन गावाजवळ हजारो डुकरांचे केंद्र उभे राहिले, तेव्हा माया गावकऱ्यांनी मुलांच्या वतीने न्यायालयात धाव घेतली. स्वच्छ पाण्यावर पुढच्या पिढीचा हक्क आहे, ही त्यांची भूमिका होती. २०१८ मध्ये न्यायालयाने त्या केंद्राचे काम स्थगित केले आणि २०२१ मध्ये मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती कायम ठेवली. द्वीपकल्पाला वळसा घालणाऱ्या सुमारे १,५०० किलोमीटरच्या ‘माया रेल्वे’चा पहिला टप्पा डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. तुलुमकडील टप्प्यात रुळांचा भार पेलण्यासाठी खांब थेट गुहांच्या छतातून खाली घालण्यात आले. त्याला गुहा-संशोधकांनी आणि पर्यावरणवाद्यांनी तीव्र विरोध केला. दुसरीकडे रोजगार आणि दळणवळण वाढेल म्हणून रेल्वेचे स्वागत करणारेही स्थानिक लोक आहेत.

युकातेक माया भाषा बोलणाऱ्यांची संख्या मेक्सिकोच्या २०२० च्या जनगणनेनुसार पावणेआठ लाखांच्या घरात आहे. पावसाने ओढ दिली की काही गावांत आजही ‘चा चाआक’ हा पर्जन्यविधी होतो. त्यासाठी लागणारे पाणी माणसाचा स्पर्श न झालेल्या गुहेतून किंवा सेनोतेतून आणायचे, असा संकेत आहे. असे पाणी मिळण्याजोगी ठिकाणे दरवर्षी कमी होत आहेत. उश्मालच्या भिंतीवरचे मुखवटे आणि चिचेन इत्साच्या गाळातील घंटा संग्रहालयात जपता येतात. भूजल एकदा बिघडले, तर ते पूर्ववत होण्यास किती पिढ्या लागतील हे सांगता येत नाही, आणि युकातानच्या या भागात पर्यायी नदी नाही.